भांड्यातली साखर

भंगारवाल्याला बाई फाटकाच्या आत येऊ देत नसत. तो रस्त्यावरून ओरडायचा, "अम्मा, पीतल है क्या, तांबा है क्या?" बाई व्हरांड्यातूनच सांगायच्या, "है, पण तुझ्यासाठी नाही. जाव." अर्धं त्याच्या बोलीत, अर्धं आपल्या. चिक्कडपल्लीतल्या त्या घराच्या मागच्या खोलीत मी राहायला आलो तेव्हा हे रोजचं होतं आणि ऐकताना मलाच उगाच चोरट्यासारखं व्हायचं. कारण भंगारवाला ज्या वाटेनं माल नेतो त्या वाटेच्या शेवटी एक भट्टी असते, आणि मी तसल्याच एका भट्टीपुढून उठून आलो होतो.

मी गलाईवाला. आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं देशभर सोनं-चांदी गाळायला जातात. पोरगं शाळेत रमेना असं दिसलं की घरचे त्याची पिशवी भरतात आणि कुणातरी नातेवाइकाबरोबर रेल्वेत बसवून देतात. मी नववी अर्धी सोडली. सिकंदराबादला लांबच्या मामांचं दुकान होतं, तिथं आलो. मोडीला आलेले दागिने, ते वितळवायची मूस, भट्टी, सोनं शुद्ध करायचं तेजाब म्हणजे ॲसिड. तेजाबात माल सोडला की पिवळा-तांबूस धूर उठतो. सुरुवातीला त्यानं डोळ्यांतून पाणी यायचं, मग डोळे सरावले. छाती काही सरावली नाही. तिशी ओलांडली तसा खोकला आत घर करून बसला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, उजेडाकडं धरून बघितला आणि म्हणाले, पुन्हा भट्टीपुढं बसलास तर माझ्याकडं येऊ नकोस, उपयोग नाही.

मामा वाईट माणूस नव्हते. हिशेब चोख दिला, वर एक शर्ट घेऊन दिला आणि म्हणाले, "गावाकडं जा. हवा चांगली हाय." हवा चांगली होती, खरंच. पण गावाकडं माझी बायको आणि मुलगी थोरल्या भावाच्या घरात राहत होत्या आणि मी पैसे पाठवत होतो तोवर त्यांना तिथं मान होता. मी नुसता हवा खायला गेलो असतो तर तो किती दिवस टिकला असता?

म्हणून मी शहरातच खोली शोधत हिंडलो. खोकणाऱ्या माणसाला खोली मिळत नाही, हे तेव्हा कळलं. दार उघडायचं, मी खोकायचो, दार लागायचं. बाईंनी मात्र दारातच विचारलं, "टीबी आहे?"

"नाही बाई. तेजाबाचा धूर."

"मग राहा. आमच्या ह्यांना दमा होता. घरात कुणी खोकत नसलं की मलाच चैन पडत नाही."

हे त्या हसत म्हणाल्या. मी खोलीत गेलो, पिशवी ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून रडलो. त्या दिवसापासून बाईंचा शब्द मला कधी मोडता आला नाही. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

अख्खी गल्ली त्यांना बाईच म्हणायची. जामबागच्या एका जुन्या शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं होतं. सासरे निजामाच्या अमदानीतले वकील, यजमान सरकारी नोकरीत. आता घरात त्या एकट्या. मुलगा गचीबावलीला उंच इमारतीत राहायचा, दर रविवारी यायचा. घर बिल्डरला द्यायचं त्यानं ठरवलं होतं आणि आईला आपल्याकडं न्यायचं.

"म्हणतो, आई, तू विसरतेस," बाई मला सांगायच्या. "दोनदा दूध उतू गेलं म्हणून! स्वतः गाडीची किल्ली दर रविवारी इथं विसरतो, ते चालतं. आता कुणी डॉक्टर आहे म्हणे, प्रश्न विचारून डोकं तपासतो आणि लिहून देतो. मी जन्मभर मुलांचे पेपर तपासले, माझा पेपर कोण तपासणार रे? असलं काही मी कागदावर येऊ देणार नाही. एकदा कागदावर आलं की खरं होतं ते."

घर रिकामं करायचं म्हणजे आधी माळा रिकामा करायचा. एका दुपारी बाईंनी मला शिडीवर चढवलं आणि मी भांडी खाली देत गेलो. पितळी हंडे, तांब्याच्या कळश्या, काशाच्या वाट्या, पानदान, बंब. व्हरांडा भरून गेला. बाई मध्येच खुर्ची टाकून बसल्या.

"वजनावर द्यायची नाहीत," त्या म्हणाल्या. "ह्यांच्यात माणसं जेवलीत. त्यांचा गोळा व्हायला नको."

मी मान खाली घातली. गोळा करणं हाच तर माझा धंदा होता. त्या पानदानासारखंच एक चांदीचं पानदान मी स्वतःच्या हातानं मुशीत घातलं होतं, आणि पुढं कधीतरी फोनवर लिलावाच्या एका ॲपमध्ये तसलंच पानदान बघितलं होतं. माणसं त्यावर बोली लावत होती, एकमेकांवर चढत होती. ते आठवलं आणि मी बोलून गेलो.

"फोनवर लिलाव?" बाईंनी चष्मा वर केला. "मग हातोडी कोण मारतं?"

"कुणी नाही. वेळ संपली की आपोआप बंद होतो."

"आणि घेणारी माणसं कुठली?"

"कुठलीही. बेंगळुरू, कोलकाता, दिल्ली."

"म्हणजे भांडी हिंडणार. मी कुठं गेले नाही, ती तरी जाऊ देत. निम्मं तुझं, निम्मं माझं. लाव."

असा मी विक्रेता झालो. आधारचा फोटो, बँकेचं पासबुक, चेहरा डावीकडं वळवा, उजवीकडं वळवा. शेवटी माझ्या नावापुढं 'नवीन विक्रेता' असं हिरव्या अक्षरांत आलं. नियम इंग्रजीत होते, बाईंनी वाचून सांगितले. त्यातला एक मी झोपेतही विसरत नव्हतो: नव्या माणसाच्या मालाबद्दल तक्रार आली आणि ती खरी ठरली, तर खातं बंद. त्याच आधारवर दुसरं निघत नाही. म्हणजे एक भांडं चुकलं की मी परत भट्टीपुढं.

पहिलाच हंडा मी चिंच लावून लखलखीत घासला. एकही बोली आली नाही. कुणीतरी खाली लिहिलं, घासलेलं नको, जुनं आहे तसंच दाखवा. बाईंना पटेना. "काळं भांडं पाहुण्यापुढं ठेवायचं? कसली रे ही माणसं!" पण मी शिकलो. सकाळच्या उजेडात गच्चीवर बाईंची पांढरी चादर अंथरायची, भांड्याशेजारी त्यांची शाळेतली लाकडी फूटपट्टी ठेवायची, प्रत्येक पोचा, प्रत्येक झाळून जोडलेली जागा जवळून दाखवायची. काही लपवायचं नाही. भांडं कशाचं हे मी लिहायचो, कशासाठी होतं ते बाई सांगायच्या. लिलाव संपायच्या वेळी मी फोन हातात धरून व्हरांड्यात फेऱ्या मारायचो आणि बाई म्हणायच्या, "बस रे, माझ्या बाळंतपणात हे सुद्धा एवढे परेशान नव्हते."

पहिला गेला तो पितळी तांब्या. मी कागदात गुंडाळत होतो तेवढ्यात बाई स्वयंपाकघरातून मूठ मिटून आल्या.

"ठैर, ठैर. रिकामा देतोस?"

फिरकीच्या झाकणाचा एक पितळी डबा होता, त्यात त्या साखर ठेवायच्या. त्यातली मूठभर त्यांनी तांब्यात ओतली.

"बाई, हे पार्सल आहे."

"असू दे. शेजारणीची वाटी परत करतानासुद्धा आपण कोरडी देत नाही. हा तर कायमचा चाललाय."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझी आईही कुणाचं भांडं परत करताना त्यात गुळाचा खडा टाकायची, काही नसलं तर चार दाणे. मी म्हटलं, निदान पुडी बांधून घालू. बाई म्हणाल्या, "पुडी औषधाची असते. साखर भांड्याला लागली पाहिजे."

मी तांब्याच्या तोंडावर कागद बसवला, चिकटपट्टी मारली.

पाठवून आलो आणि चार दिवस जिवात जीव नव्हता. मग घेणाऱ्या बाईंचा अभिप्राय आला. पाचही तारे दिले होते आणि लिहिलं होतं, तांब्यात साखर होती, माझी आई असंच करायची. मी वाचून दाखवलं. बाईंनी परत वाचायला लावलं. मग त्या उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

त्यानंतर प्रत्येक भांड्यात साखर गेली. एकदा तेवढी पंचाईत झाली ती उगालदानाची. सासऱ्यांचे अशील पान खाऊन त्यात थुंकायचे म्हणे. बाईंना ते दाखवायचीच लाज वाटत होती, आणि नेमकी त्याच्यावर सगळ्यात जास्त झुंबड उडाली. "थुंकायच्या भांड्यासाठी एवढी मारामारी?" त्या डोळे मोठे करून बघत राहिल्या. बांधायची वेळ आली तेव्हा मी डब्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं.

"ह्यात साखर नको," त्या विचार करून म्हणाल्या. "सुपारी घाल. त्याला तीच सवय आहे."

त्या दिवशी आम्ही दोघं हसलो. मला हसताना खोकला आला आणि त्यांनी उठून पाणी दिलं. त्या घरातला माझा चांगला दिवस कोणता असं कुणी विचारलं तर मी तोच सांगेन.

कुरियरवाल्याला मात्र हे पसंत नव्हतं. तो पार्सल कानाजवळ नेऊन हलवायचा. "क्या भाई, फिर शक्कर? मेरे टेबल पे चींटियाँ आ रे."

"घर की बड़ी हैं, मानते नहीं."

"बड़ों की सुनते सुनते फँसोगे एक दिन, देख लेव."

तो चेष्टेनं म्हणाला, पण मी ते घरी घेऊन आलो. आज बाईंना सांगायचं, असं ठरवून जायचो. त्या डबा घेऊन यायच्या आणि मी भांडं पुढं करायचो.

फसलो ते तांब्याच्या कळशीवर. पावसाळी दमट हवा, आणि पार्सल वाटेत कुठल्यातरी गोदामात अडकून पडलं. ज्या घरी पोचलं तिथल्या माणसानं उघडतानाचा व्हिडिओ काढला होता. कळशीतून मुंग्यांची ओळ बाहेर आली, त्याच्या बायकोची किंकाळी ऐकू आली, तळाशी साखरेचा पाक होऊन त्यात हिरवट डाग धरले होते. तक्रार आली. चालू असलेले सगळे लिलाव थांबले. हिरव्या अक्षरांच्या जागी राखाडी अक्षरं आली: खातं तपासणीत आहे, वस्तूत खाद्यपदार्थ का होता याचा खुलासा लेखी, इंग्रजीत पाठवा.

बायकोला फोन केला. झालं ते सांगितलं.

"मग मामास्नी इचारा की. भट्टीवर नगा बसू, नुसतं दुकानात बसा."

"तिथं बिनधुराचा कोपरा कुठला आलाय?"

"मला काय म्हाईत? नववी तरी पुरी केली असती तर त्यो खुलासा का काय, तुमचा तुमी लिवला असता." मग लगेच म्हणाली, "जेवलाय का?" आणि मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

इंग्रजी लिहिणारं माझ्या ओळखीचं माणूस एकच होतं, आणि त्यांनाच सांगायचं होतं की साखरेनं घात केला. मी दुपारी व्हरांड्यात गेलो, फोन पुढं केला. बाईंनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. किंकाळी आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"गरम पाण्यानं धुतलं तर जाईल ते," त्या म्हणाल्या.

"बाई, त्यांना खुलासा पाहिजे. चूक झाली, पुन्हा होणार नाही, असं लिहून द्या."

"चूक कसली? आमच्याकडं भांडं रिकामं देत नाहीत, असं लिहिते. पद्धत आहे, समजावून सांगते."

"त्यांना पद्धत नको, बाई. नियमात लिहिलंय, खायची वस्तू घालायची नाही. आपण मुद्दाम घातली असं दिसलं तर संपलं. तुम्हीच वाचून दाखवलात ना नियम?"

"मी वाचला होता?"

"हो."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटतं तो नियम त्यांना खरंच आठवत नव्हता. मी नजर वळवली.

"मुद्दाम घातली नाही तर मग कशी गेली साखर?" त्यांनी विचारलं, शाळेत विचारत असतील तशी. "काहीतरी कारण द्यावं लागेल. उंदरानं टाकली?"

मला खोकला आला आणि तो थांबेना. भिंतीला धरून मी खोकत राहिलो. बाई उठल्या नाहीत, पाणी दिलं नाही. खोकला थांबला तेव्हा त्या कागद-पेन घेऊन लिहायला बसल्या होत्या. अक्षर सुरेख, एकही खाडाखोड नाही. लिहून झाल्यावर त्यांनी मला मराठीत सांगितलं, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून, म्हणजे टाइप करताना माझी चूक होऊ नये.

"घरात एक वृद्ध स्त्री राहते. तिची स्मरणशक्ती राहिलेली नाही. वस्तू कुठं ठेवल्या ते तिला कळत नाही. तिनं साखरेचा डबा समजून कळशीत साखर ओतली. विक्रेत्याचा ह्यात दोष नाही. यापुढं तिला वस्तूंजवळ येऊ दिलं जाणार नाही."

"बाई, हे नको."

"का? कारण पटण्यासारखं आहे. परीक्षकाला पटलं म्हणजे झालं."

"पण हे खरं नाही."

"तुला परत धुरात बसायचंय का?" त्या एकदम कडक आवाजात म्हणाल्या. मग हळू म्हणाल्या, "कर टाइप. 'सर'मधला एस कॅपिटल."

मी एकेक अक्षर शोधत टाइप केलं. त्या शेजारी बसून स्पेलिंग सांगत होत्या. पाठवताना माझं बोट अडलं, तर त्यांनीच आपल्या बोटानं ते बटण दाबलं.

खुलासा मान्य झाला. घेणाऱ्याचे पैसे परत गेले, माझं खातं उघडलं. खाली एक ओळ होती, त्या वृद्ध स्त्रीच्या प्रकृतीसाठी सदिच्छा. ती मी बाईंना वाचून दाखवली नाही.

बाई मग बांधाबांधीच्या वेळी व्हरांड्यात आल्या नाहीत. मी हाक मारायचो, "बाई, आज परात चाललीय." आतून आवाज यायचा, "जाऊ दे." एकदा मीच फिरकीचा डबा घेऊन त्यांच्यापाशी गेलो. म्हटलं, दोन दाणे घाला, मी पुडी बांधतो, मुंग्या लागणार नाहीत. त्या टीव्ही बघत होत्या. "नको रे. मला वस्तूंजवळ येऊ द्यायचं नाही असं ठरलंय ना," असं म्हणून त्या हसल्या. त्यात टोमणा होता की नाही, मला कळलं नाही. परात रिकामी गेली. बंब रिकामा गेला. पानदान गेलं तेव्हा आत नुसता भुसा होता.

आणखी एक झालं. मुलगा रविवारी यायचा, विसरण्याचा विषय काढायचा, तर पूर्वी बाई त्याला किल्लीवरून फटकारायच्या. आता त्या म्हणायच्या, "हौ, विसरते खरी." आणि खरंच विसरू लागल्या. की पूर्वीही विसरत होत्या आणि लढत होत्या म्हणून दिसत नव्हतं? त्या डॉक्टरांकडंही त्या निमूट गेल्या. परत आल्यावर मी विचारलं, काय विचारलं त्यांनी? तर म्हणाल्या, "सोपा होता पेपर."

माळा रिकामा झाला तेव्हा माझं खातं जुनं झालं होतं. हिरवी अक्षरं गेली, नावापुढं विश्वासू विक्रेता असं आलं. आजूबाजूच्या घरांतून माणसं आपणहून बोलवायला लागली, कारण बाईंनी गल्लीत सांगून ठेवलं होतं, माणूस सरळ आहे. मी मामांना फोन केला नाही. छातीतली घरघर अजून आहे, पण जिना चढताना आता मध्ये बसावं लागत नाही. बायको-मुलीला आणायचं चाललंय. हे सगळं बाईंच्या त्या कागदावर उभं आहे आणि ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

बाईंना न्यायला गाडी आली तेव्हा मी सामान उचलून दिलं. सामान थोडंच होतं. बाई बसायच्या आधी परत आत गेल्या आणि तो फिरकीचा डबा घेऊन आल्या. मुलगा म्हणाला, "आई, हा आता कशाला?" त्यांनी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. डबा माझ्या हातात दिला.

"हा तुला. विकलास तरी चालेल."

"विकणार नाही, बाई."

"औषध वेळेवर घे," त्या म्हणाल्या, आणि गाडीचं दार लागलं.

खोलीत येऊन मी डबा खाटेवर ठेवला. झाकण फार घट्ट लावलेलं होतं, बऱ्याच जोरानं फिरवावं लागलं. आत काही नव्हतं. धुऊन, पुसून, उन्हात वाळवलेला कोरडा डबा. साखरेचा वाससुद्धा राहिला नव्हता.

त्या विसरल्या, की नियमाप्रमाणं वागल्या, की आणखी काही, ते मला अजून कळलेलं नाही. मी अधूनमधून गचीबावलीला भेटायला जातो. बाई ओळखतात, खोकला कसा आहे विचारतात. डब्याचं विचारावं असं दर वेळी ओठांवर येतं. पण तो प्रश्न विचारणं म्हणजे त्यांचा पेपर घेणं होईल, म्हणून मी चहा पितो आणि कप रिकामा परत करायचा नाही म्हणून तळाशी घोटभर चहा तसाच ठेवून येतो.